काय राहिलं?

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. घरात माहीत आहे, ऑफिसात माहीत आहे, आणि आमच्या कंपनीच्या लिफ्ट ज्या इमारतींत आहेत तिथल्या निम्म्या पहारेकऱ्यांनाही माहीत आहे. तेवीस वर्षं मी लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसते. फोन वाजला की उचलायचा, लिफ्ट कुठली, काय झालं, आत कोणी अडकलंय का, एवढं विचारायचं आणि मिस्त्री पाठवायचा. मला सगळे तक्रारताई म्हणतात. आमचे हे म्हणतात, ते नाव तुला घरीसुद्धा शोभतं. त्यावर मी काय उत्तर देते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण या वेळचा माझा राग उगाच होता, असं कुणी मला तोंडावर म्हणून दाखवावं. मी वाट बघतेय.

आमची एक पद्धत होती, मोठ्या मालकांनी लावलेली. संध्याकाळी पाचला, घरी जाण्याआधी, प्रत्येक मिस्त्रीने मला फोन करायचा. मी रजिस्टर उघडून बसलेली असायची. प्रत्येक लिफ्टमागे तीन प्रश्न. काय बघितलं? काय केलं? काय राहिलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिस्त्री घडाघडा देतात. तिसऱ्याला अडखळतात. "तसं काही नाही ताई, पण दार लागताना जरा खरखर येतेय." "राहिलं असं नाही, पण दोरावर एकदा नजर टाकायला हवी." हे 'तसं काही नाही, पण' मी तिसऱ्या रकान्यात लिहायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला तरी तिकडे पिटाळायची. आमच्या लिफ्टमध्ये कुणाच्या बोटाला कधी खरचटलं नव्हतं, ते त्या तिसऱ्या रकान्यामुळे. हे मी म्हणत नाही, मोठे मालक म्हणायचे.

त्या मिस्त्रींतला एक माझा धाकटा दीर. अठरा वर्षांपूर्वी मीच त्यांना कंपनीत चिकटवलं. हात सोन्याचे, पण तोंडाला कुलूप. त्यांना मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून आमच्याकडे फोन आला. "वहिनी, झाली." आणि फोन ठेवला. काय झाली, कशी आहे, आई कशी आहे, हे विचारायला मला उलट फोन करावा लागला. पाचच्या फोनवरही तेच. "भाऊजी, काय राहिलं?" मग अर्धं मिनिट नुसता श्वास ऐकू यायचा. मी थांबायची. थांबलं की ते बोलतात, हे मला माहीत होतं.

मग मोठे मालक तब्येतीमुळे घरी बसले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. हे धाकटे मालक. पाचवीत असताना शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसून खडूने लिफ्ट काढायचे. माणूस वाईट नाही, हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल मी सूड उगवतेय. तर एक दिवस त्यांनी सूचनाफलकावर कागद लावला: 'सोमवारपासून प्रणाली रुजू होत आहे. सर्वांनी सहकार्य करावे.'

मला वाटलं, नवी मुलगी येतेय. मी माझ्या टेबलाचा एक खण रिकामा केला, शेजारी खुर्ची आणून ठेवली, मिस्त्रींना बजावलं की नव्या पोरीला पहिल्याच दिवशी पिडायचं नाही. सोमवारी आला एक गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस आणि भिंतीएवढा पडदा. ऑफिस पोट धरधरून हसलं. मीही हसले. त्या दिवसापासून त्या यंत्रणेला आम्ही सगळे प्रणालीबाई म्हणू लागलो आणि त्या माणसाला प्रणालीवाला.

पडद्यावर ठिपके. तक्रार आली की लाल, काम संपलं की हिरवा. धाकट्या मालकांच्या खोलीतही तसाच पडदा. ते सकाळी आले की आधी तिकडे बघायचे. हिरवं जास्त दिसलं की चहा गोड लागायचा त्यांना.

प्रणालीवाला दोन दिवस माझ्या शेजारच्या त्या खुर्चीत बसला. तो म्हणाला, "ताई, मिस्त्री लोकांना बारा रकाने भरायला लावले तर ते पळून जातील. म्हणून त्यांनी फोनवरून फक्त एक ओळ टाकायची. प्रणाली ती वाचून ठरवेल, काम झालं की नाही. तुम्ही मला शब्द द्या. काम संपलं की तुमचे मिस्त्री काय म्हणतात?"

तेवीस वर्षांत मला कुणी काही विचारायला आलं नव्हतं. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले. "लिहून घ्या," म्हटलं. "झालं. ओके. मिटली. सुरळीत. बंद."

"बंद?"

"तक्रार बंद करा ताई, असं म्हणतात ना."

"एकदम बरोबर," तो म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं.

मी त्याला विचारलं, "आणि काय राहिलं, ते कुठे लिहायचं?"

"काही राहिलं असेल तर काम झालंच नाही ना ताई. मग तो लाल राहणार."

"अहो, काम होतं आणि तरी काहीतरी राहतं. लिफ्ट आहे ती, पाटीवरचं गणित नाही."

तो हसला. अडाणी माणसाशी शिकलेला माणूस जसा समजूतदारपणे हसतो, तसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर धाकटे मालक उभे होते, म्हणून गिळली.

महिन्याभरात पाचचे फोन थांबले. धाकटे मालक म्हणाले, "ताई, सगळं प्रणालीत येतंच आहे. तेच पुन्हा फोनवर विचारणं म्हणजे दुप्पट काम." मिस्त्री खूश, वीस मिनिटं आधी सुटायचे. हिरवे ठिपके माझ्या पडद्यावरून आपोआप निघून जायचे, म्हणजे मिस्त्रीने काय लिहिलं हे मला दिसायचंही बंद झालं. मला फक्त लाल दिसायचे.

मी धाकट्या मालकांच्या खोलीकडे गेले, तर दारावर पाटी: 'सूचना व तक्रारी फक्त प्रणालीतूनच द्याव्यात.' बरं. मी टेबलावर परत आले आणि दोन बोटांनी टाइप केलं: 'संध्याकाळचे फोन बंद करू नका. उद्या एखाद्या मिस्त्रीने लिफ्ट असुरक्षित म्हणून बंद केली तर कुणाला कसं कळणार?' पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'आपली नोंद पोचली. आभार.' मला वाटलं, वाचलं. एक दिवस गेला, आठवडा गेला, कुणी काही बोललं नाही. वाचूनही वाटाण्याच्या अक्षता लावल्या म्हणून मी पंधरा दिवस धाकट्या मालकांशी कामापुरतंच बोलले.

त्या महिन्याच्या शेवटी मला एक छापील प्रशस्तिपत्र मिळालं. 'महिन्यातील सर्वांत जलद निवारण.' कशाचं निवारण केलं ते मला कळेना. प्रणालीवालाही म्हणाला, बघून सांगतो, आणि विसरला. मी ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं. त्यावर चहाचा कप ठेवायला बरं पडायचं.

आता मूळ गोष्ट.

एका शुक्रवारी सकाळी सहा मजल्यांच्या एका इमारतीतून तक्रार आली, लिफ्ट मजल्याच्या जरा खाली जाऊन थांबते. मी भाऊजींना पाठवलं. त्यांनी वर मोटरच्या खोलीत जाऊन बघितलं तर ब्रेकचं लायनर झिजून कागद झालेलं. म्हणजे लिफ्ट थांबवायला जे मोटरच्या चाकाला घट्ट धरतं, तेच उरलेलं नाही. त्यांनी जे करायचं ते केलं. मेन स्विच पाडला, 'चालू करू नये' अशी पाटी अडकवली, खोलीला कुलूप लावून किल्ली नेहमीच्या जागी सेक्रेटरींच्या घरी दिली. सेक्रेटरी घरी नव्हते, म्हणून खाली पहारेकऱ्याला सांगितलं. आणि प्रणालीबाईंना ओळ पाठवली: 'बंद केली. लायनर.'

तीन शब्द. भाऊजींच्या मानाने ते व्याख्यानच होतं.

जुन्या दिवसांत पाच वाजता मी विचारलं असतं, काय राहिलं? त्यांनी श्वास घेतला असता आणि सांगितलं असतं, लायनर. मी स्टोअरला सांगून शनिवारी पहाटे ते त्यांच्या हातात दिलं असतं. आता काय झालं? प्रणालीबाईंनी ओळ वाचली, त्यात त्यांना ओळखीचा शब्द दिसला, ठिपका हिरवा झाला. आणि त्याच क्षणी सेक्रेटरींच्या फोनवर निरोप गेला: 'आपली तक्रार यशस्वीरीत्या निवारण्यात आली आहे. लिफ्ट वापरासाठी तयार आहे. कृपया सेवेला गुण द्या.'

सेक्रेटरी संध्याकाळी घरी आले. निरोप वाचला. पहारेकऱ्याची पाळी बदललेली. शनिवारी सकाळी ते वर गेले, पाटी दिसली, त्यांना वाटलं मिस्त्री काढायला विसरला. पाटी काढली, स्विच चढवला, आणि आम्हाला पाचपैकी पाच गुण दिले.

साडेअकराला पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या, कपडे शिवून देणाऱ्या बाई हातात शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं आणि बरोबर शेजारच्या तिघी घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्ट खाली आली ती थांबलीच नाही. तळमजला सोडून खड्ड्यातल्या स्प्रिंगवर जाऊन आदळली. तिघी बचावल्या, मुका मार. शिवणकामवाल्या बाईंचा उजवा पाय घोट्यातून मोडला.

सोमवारी सकाळी आठला माझी जाऊ दारात. केस विंचरलेले नाहीत, हातात कागद. "ताई, हे काय आहे बघा. हे सकाळपासून बोलत नाहीयेत."

"ते कधी बोलतात?" मी म्हटलं, पण तिचा चेहरा बघून कागद घेतला. कंपनीचं पत्र. 'आपण सदर तक्रार दुरुस्ती न करता बंद केली व त्यामुळे अपघात घडला. आपणांस निलंबित करण्यात येत असून आपला परवाना रद्द करण्याची शिफारस लिफ्ट निरीक्षकांकडे करण्यात येत आहे.'

परवाना गेला की मिस्त्री संपला. दुसरी कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही. आणि नुसतं तेवढंच नाही. 'याने दुरुस्ती न करता खोटं लिहिलं आणि एका बाईचा पाय गेला' हे कपाळावर घेऊन पंचेचाळिशीच्या माणसाने पुढे जगायचं.

मी पुन्हा वाचलं. तक्रार बंद केली. भाऊजींनी तक्रार बंद केलीच नव्हती. लिफ्ट बंद केली होती. आणि एकदम मला माझा आवाज ऐकू आला, चढलेला, शहाणपणाचा: झालं, ओके, मिटली, सुरळीत, बंद.

"ताई? काय झालं?" जाऊ म्हणाली.

"माझं डोकं झालं," मी म्हटलं. "चल."

भाऊजी घरी पायरीवर बसले होते. हत्यारांची पिशवी उघडून एकेक पाना फडक्याने पुसत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. शब्द मी दिला. प्रणालीच्या यादीत मी घातला. माझी जीभ झडायला हवी होती. त्यांनी ऐकून घेतलं, पाना ठेवला, दुसरा उचलला.

"अहो, काहीतरी बोला! शिव्या द्या मला!"

दुसरा पाना पुसून झाल्यावर म्हणाले, "त्या बाईंना बघायला गेलो होतो. दारातून परत आलो." मग पुन्हा पाना.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन्हींत राग बरा, म्हणून तो धरला आणि तशीच दवाखान्यात गेले.

शिवणकामवाल्या बाईंचा पाय प्लास्टरमध्ये, उशांवर ठेवलेला. मी कंपनीतली आहे म्हटल्यावर त्यांची सून उठून उभी राहिली, मला हाकलायच्या तयारीने. बाईंनी तिला हातानेच बसवलं. म्हणाल्या, "माझं मशीन पायाचं आहे. उजव्या पायाचं. मला एवढंच सांगा, लिफ्ट नीट झाली असं तुम्ही लेखी कसं कळवलंत? मला सेक्रेटरींनी निरोप दाखवला होता. मी वाचून लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं."

मी काय सांगणार? शब्दाचा घोळ झाला म्हणून सांगू? त्या पायाकडे बघून ते तोंडातून निघेना. "विचारून सांगते," म्हटलं. तेवीस वर्षांत एवढं लाजिरवाणं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

मंगळवारी अकरा वाजता लिफ्ट निरीक्षक आल्या. पन्नाशीच्या बाई, जाड तळव्यांचे बूट, नखांच्या कडेला न निघणारं वंगण. धाकट्या मालकांच्या खोलीत बैठक. मालक, प्रणालीवाला, आणि कोपऱ्यात खुर्चीच्या टोकावर भाऊजी. निरीक्षक बाईंनी विचारलं, तक्रार फोनवर कोण घेतं, म्हणून मला आत बोलावलं. नाहीतर मी बाहेर दाराला कान लावून होतेच.

धाकटे मालक पडद्यावर दाखवत होते. "ही तक्रार. ही मिस्त्रींची नोंद, शुक्रवार, अकरा बेचाळीस. त्यांनी स्वतः तक्रार बंद केली. प्रणालीने आपलं काम चोख केलं. दुर्दैवाने ही मानवी चूक आहे."

मानवी चूक! अठरा वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या जिवासाठी काळोख्या खड्ड्यांत उतरून काम केलं, त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे न बघता, असं म्हणतात. इतकी वर्षं मिठासारखा विरघळून राहिलेला माणूस एका ठिपक्याने उचलून बाहेर टाकायचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

निरीक्षक बाई भाऊजींकडे वळल्या. "तुम्ही 'बंद केली' असं का लिहिलंत?"

भाऊजींनी मान वर केली. "कारण बंद केली होती."

"काय?"

"लिफ्ट."

प्रणालीवाल्याने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"बाई, मला बोलायचंय," मी म्हटलं. "त्यांच्या त्या यादीत 'बंद' हा शब्द मी घातला. काम संपलं की आमचे मिस्त्री 'तक्रार बंद' म्हणतात. पण लिफ्ट बिघडली की 'लिफ्ट बंद' म्हणतात, आणि धोका दिसला की 'लिफ्ट बंद केली' म्हणतात. सगळं जग असंच बोलतं. मला त्या वेळी सुचलं नाही, ही माझी चूक. लिहून घ्या. पण आता जरा गंमत बघा."

मी सरळ जाऊन प्रणालीवाल्याच्या हातातून त्याचा फोन घेतला. "मिस्त्रीची नोंद कुठून टाकतात? इथून ना?" आणि टाइप केलं: 'माणूस आत अडकला. दार बंद. श्वास घ्यायला त्रास.' पाठवलं.

पडद्यावर ठिपका हिरवा झाला. खाली ओळ उमटली: 'तक्रार यशस्वीरीत्या निवारण्यात आली आहे.'

निरीक्षक बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी पडद्याजवळ जाऊन ती ओळ पुन्हा वाचली. "हे किती दिवस चालू आहे?"

"चार महिने," प्रणालीवाला म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला होता.

"चार महिन्यांतल्या ज्या नोंदींत 'बंद' आहे, त्या सगळ्या काढा. आत्ता."

एकोणीस निघाल्या. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी लोकांनी लिफ्ट चालत नाही म्हणून पुन्हा फोन केला होता, पुन्हा मिस्त्री गेला होता, आणि प्रणालीबाईंनी एकाच कामाच्या दोन तक्रारी मिटवल्या म्हणून आमची पाठ थोपटली होती. पण चार लिफ्ट अशा होत्या की मिस्त्रीने बंद केल्या, लोकांनी निरोप वाचून चालू केल्या, आणि त्या त्या क्षणी माणसं घेऊन वरखाली करत होत्या. मी मालकांच्या टेबलावरचा फोन ओढला आणि चारही इमारतींना लावला. माझा आवाज ऐकून पहारेकरी धावले. दहा मिनिटांत चारही थांबल्या. त्या दहा मिनिटांत मालकांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

धाकट्या मालकांनी रुमालाने मान पुसली. "बाई, आम्हाला याची कल्पनाच नव्हती. कुणीही हे आमच्या लक्षात आणून दिलं नाही."

"मी दिलं," मी म्हटलं.

"कधी, ताई?"

"तीन महिन्यांपूर्वी. तुमच्या दारावर पाटी आहे ना, प्रणालीतूनच द्यावे. दिलं. तुम्ही वाचून गप्प बसलात."

"मी असं काही वाचलेलं नाही. शपथेवर सांगतो."

निरीक्षक बाईंनी प्रणालीवाल्याकडे नुसतं बघितलं. तो शोधू लागला. सापडलं. पडद्यावर माझं वाक्य आलं, मोठ्या अक्षरांत, जसंच्या तसं: 'संध्याकाळचे फोन बंद करू नका. उद्या एखाद्या मिस्त्रीने लिफ्ट असुरक्षित म्हणून बंद केली तर कुणाला कसं कळणार?' शेजारी हिरवा ठिपका. 'निवारण झाले. लागलेला वेळ: एक सेकंद.'

"कर्मचाऱ्यांच्या नोंदींनाही तीच यादी लागते," प्रणालीवाला पुटपुटला. "'नाही' आलं तर ती थांबते. 'नका' आम्ही धरलं नव्हतं."

'बंद करू नका' असं मी म्हटलं आणि तेवढ्यासाठीच त्यांनी माझं म्हणणं बंद केलं! आणि तेव्हा मला ते प्रशस्तिपत्र आठवलं. मी उठले, माझ्या टेबलाच्या काचेखालून ते ओढून काढलं आणि आणून निरीक्षक बाईंसमोर ठेवलं. चहाच्या कपाचं गोल वर्तुळ त्यावर तसंच होतं. महिन्यातील सर्वांत जलद निवारण. खाली धाकट्या मालकांची सही.

बाईंनी ते पत्र आपल्या फाइलमध्ये लावलं. परवाना रद्द करण्याच्या शिफारशीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की मिस्त्रींनी नियमाप्रमाणे लिफ्ट थांबवली होती. आणि कंपनीला लेखी हुकूम दिला: पाचचे फोन आजपासून सुरू.

त्या गेल्यावर धाकटे मालक हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही हे मला तोंडी सांगायचं होतंत. आपलं काय परकेपण आहे?"

"दार उघडं असतं तर सांगितलं असतं," मी म्हटलं. त्यांची बोलती बंद झाली. हा शब्द इथे बरोबर बसतो.

भाऊजींची कुणी माफी मागितली नाही. दुपारी त्यांच्या फोनवर प्रणालीबाईंचा निरोप आला: 'आपले निलंबन बंद करण्यात आले आहे. कृपया सेवेला गुण द्या.' त्यांनी तो मला दाखवला आणि पहिल्यांदाच गालातल्या गालात हसले. मला काही हसू आलं नाही.

गुरुवारी भाऊजी त्याच इमारतीत गेले. पाचला फोन वाजला. मी रजिस्टर उघडलं.

"काय बघितलं?"

"ब्रेक."

"काय केलं?"

"लायनर बदललं. वजन ठेवून दहा वेळा वरखाली केली."

"काय राहिलं?"

श्वास ऐकू येत होता. मी थांबले.

"त्या बाईंचा पाय," भाऊजी म्हणाले.

मी तिसऱ्या रकान्यात तसंच लिहिलं. तिसऱ्या रकान्यात काही असलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे कुणाला तरी पिटाळायचं, ही आमची पद्धत. शुक्रवारी सकाळी मी पाटीकडे न बघता धाकट्या मालकांचं दार ढकललं, रजिस्टर त्यांच्यासमोर उघडं ठेवलं आणि म्हटलं, "उठा. दवाखान्यात जायचंय."